नववा अनोळखी हात

मशीननं मुनाफ परकारला ओळखलं नाही.

लोट्याच्या एमआयडीसीतल्या त्या शेडमध्ये सकाळपासून वेल्डरांची रांग लागली होती. प्रत्येकानं पाइपचे तुकडे जोडून दाखवायचे, मशीननं ते तपासायचे आणि पडद्यावर नाव यायचं, एवढाच कार्यक्रम. रूपेश भुवडचं नाव आलं. त्याच्या पाठच्यांचीही आली. मुनाफभाईंनी पहिला जोड अर्ध्यावर आणला आणि रॉड पाइपला चिकटला. सोडवला, पुन्हा सुरू केला, पुन्हा चिकटला. उजवा हात मनगटापासून थरथरत होता आणि डाव्या हातानं त्याला धरून ठेवायची धडपड चालली होती. कसेबसे तुकडे पुरे झाले. पडद्यावर अक्षरं आली : ‘नोंदीतल्या कोणत्याही हाताशी जुळत नाही.’

मुनाफभाईंनी तोंडावरचा मुखवटा वर सरकवला. घाम पुसला. मग रूपेशकडे बघून म्हणाले, "चल रूप्या, चहा मारू. इथला बरा असतो म्हणतात."

चहा भिकार होता. रूपेशनं तो तसाच ओतून टाकला.

दाभोळ खाडीच्या अलीकडे रूपेशची वाडी, पलीकडे मुनाफभाईंचा मोहल्ला. दोघं आखातात गेले ते बहरमार नावाच्या कंपनीत. समुद्राचं पाणी गोडं करायचं आणि वाळवंटातल्या शहरांना पाइपानं पोचवायचं, हा त्या कंपनीचा धंदा. सहा वर्षं दोघांनी त्या पाइपलाइनवर जोड मारले. शेवटचं सव्वा वर्ष पगार कायम ‘पुढच्या महिन्यात’ होता. तो पुढचा महिना काही उजाडला नाही. एके दिवशी जेवणाची गाडी आली नाही, दुसऱ्या दिवशी कॅम्पची वीज गेली, आणि तिसऱ्या दिवशी कळलं की कंपनीनं हात वर केले आहेत. मालक कुठल्या देशात आहे हेही कुणाला धड ठाऊक नव्हतं. पगार गेला, सहा वर्षांची ग्रॅच्युइटी गेली, औषधपाण्याचा विमा गेला. घरून पैसे मागवून, उसनेपासने करून माणसं परत आली.

कोर्टानं कंपनी मोडीत काढायला एक अवसायक नेमला. म्हणजे जे काही उरलंसुरलं आहे ते विकून, कंपनी ज्यांचं देणं लागते त्यांना वाटणारा माणूस. त्यानं कामगारांना साधा प्रश्न विचारला : तुम्ही काम केलंत, याला पुरावा काय? पुरावा कंपनीच्या सर्व्हरवर होता. हजेरी तिथे, आणि प्रत्येक वेल्डर आपल्या जोडाशेजारी जो नंबराचा शिक्का ठोकतो, तो कोणाचा कोणता ती यादीही तिथेच. आणि सर्व्हरचं भाडं थकलं म्हणून भाडेवाल्यानं तो केव्हाच पुसून टाकला होता. आता यावर काय बोलायचं?

पण पाइपलाइन होती. ती कुठे जाणार? तिथल्या सरकारला ती विकत हवी होती, आणि घेण्याआधी कच्चे जोड शोधायचे होते. म्हणून त्यांनी पाइपावरून सरपटत जाणारी यंत्रं सोडली. अशी यंत्रं जोडाच्या आत ध्वनिलहरी सोडतात आणि प्रतिध्वनीवरून आतलं चित्र काढतात. लोखंड वितळून पुन्हा थिजताना त्या घटकेचं सगळं आत गोठतं. उष्णता कुठून आली, किती वेगानं पुढे गेली, हात कडेला किती थांबला, झोका किती रुंद घेतला, हे त्या धातूच्या बारीक स्फटिकांच्या रचनेत राहतं. जोडाचे थरही वेगवेगळे वाचता येतात. ठिपक्यांची एकच रांगोळी दोघींनी काढली तर कुठली कुणाची हे घरातलं माणूस सांगतं ना? तसंच. तपासणीवाल्यांना ही भानगड नकोच होती, त्यांना फक्त भेगा बघायच्या होत्या. कामगारांच्या एका वकीलबाईंच्या लक्षात आलं की या चित्रांत प्रत्येक जोडाचा कर्ता सापडतो. त्या कोर्टात भांडल्या आणि जिंकल्या. ठरलं असं की बुडालेला पगार आणि ग्रॅच्युइटी जोडांवर मोजायची आणि ज्याच्या हाताचा जोड त्याला पैसे द्यायचे. हात ओळखणाऱ्या मशीनला कामगारांनी नाव दिलं ‘हस्तवाचक’, आणि जोडांशी ताडायला हातांचे नमुने हवेत म्हणून लोट्यासारख्या ठिकाणी त्याची केंद्रं उघडली.

सगळं ठीक होतं. फक्त एक गोष्ट कुणी हिशेबात धरली नव्हती. वेल्डिंगच्या धुरात मँगेनीज असतं. बंद पाइपात बसून तो धूर वर्षानुवर्षं ओढला की काहींच्या मेंदूचा हात चालवणारा भाग बिघडतो. मुनाफभाईंचा बिघडला होता. ज्या कामानं हात गेला, त्या कामाचा पुरावा म्हणून आता तोच हात मागत होते.

आठवड्यानं रूपेशला पुन्हा लोट्याला बोलावलं. ऋचा सबनीस नावाच्या इंजिनिअर तिथल्या दाव्यांचं काम बघायच्या. तिशीच्या, पुण्याच्या, बोलायला सरळ.

"बसा भुवड. तुमचा दावा अगदी स्वच्छ आहे. एकच गोष्ट विचारायचीय." त्यांनी पडदा त्याच्याकडे वळवला. "दर वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला थोडे दिवस तुमच्या शिक्क्याखाली भलताच हात आहे. दर वर्षी तोच. आमच्याकडे त्याला नाव नाही. असे जे सापडतात त्यांना आम्ही नंबर देतो. हा नववा."

"मशीन चुकलं असेल मॅडम," रूपेश म्हणाला.

"असेल. तसं म्हणालात तर तेवढे जोड वगळते, बाकीचे पैसे महिन्याभरात खात्यात जमा होतील. पण ते जोड दुसऱ्या कुणी केले असतील, तर ‘माझ्या शिक्क्याचा प्रत्येक जोड मीच केला’ हे तुमचं प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं. मग सगळाच दावा वादग्रस्त यादीत जातो. त्या यादीचे पैसे बँकांचे भागल्यावर."

"म्हणजे कधी?"

"खरं सांगू? काही उरलं तर."

रूपेशनं न राहवून विचारलं, "आणि या नवव्याचे स्वतःचे जोड?"

"पुष्कळ आहेत. एकशेबारा नंबरच्या शिक्क्याचे जवळजवळ सगळे त्याचेच. त्या हाताचा मालक सापडला नाही तर ते पैसे बँकांकडे जातील." त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही ओळखता का त्याला?"

"विचार करून सांगतो," रूपेश म्हणाला, आणि स्वतःचीच लाज वाटून बाहेर पडला.

ओळखत कसा नव्हता! एकशेबारा नंबरचा शिक्का मुनाफभाईंच्या खिशात असायचा, आणि शिमग्याचे दिवस सोडले तर रूपेशचा रूपेशच्या. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते आणि दारात यजमान हवाच. रूपेशची आई मोबाइल हातात धरून उभी राहायची, हा तिकडून पालखीपुढे हात जोडायचा. पालखी अमुक वाजता येईल असं कुणी सांगू शकत नाही. ढोल वाजले की आली म्हणायचं. मग हा दिवसचे दिवस सिग्नल पकडत टेकाडावर बसलेला आणि त्याचा शिक्का घेऊन मुनाफभाई पाइपात. रमझानमध्ये उलटं. नियमानं त्या महिन्यात कामाचे तास कमी होते, पण कंपनीनं जोडांचा आकडा तेवढाच ठेवला होता. पाण्याचा थेंब न घेता दुपारी त्या तापलेल्या पाइपात कोण बसणार? सकाळचे जोड मुनाफभाई मारायचे आणि दुपारनंतर त्यांचा शिक्का रूपेश घ्यायचा. कॅम्पात कोकणातली सगळीच पोरं असं करत. यात काही चूक आहे असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. शेजाऱ्याच्या शेतावर लावणीला जायचं तसंच ते होतं.

घरी येऊन त्यानं प्रणालीला, बायकोला, सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"मग मशीन चुकलं म्हणा ना. तेवढे जोड जाऊ देत."

"आणि मुनाफभाई?"

"त्यांचं वाईट वाटत नाही का मला? पण अहो, माझं सोनं पतसंस्थेत आहे. तुम्हाला तिकडून आणायला ठेवलं मी ते. पुढच्या महिन्यात लिलाव काढतायत. आईनं अंगावरचं काढून दिलेलं सोनं आहे ते." तिचा आवाज चढला. "तुम्ही खरं बोलून काय होणार? त्यांचं मिळेल की नाही देव जाणे, आपलं मात्र जाईल. दोन घरं बुडवून कुणाचं भलं करणार आहात?"

ती म्हणत होती ते खोटं नव्हतं, हाच सगळा घोळ होता.

दुसऱ्या दिवशी तो फेरीबोटीनं पलीकडे गेला. मुनाफभाई पडवीत बसले होते. त्यांच्या बायकोनं, नफीसाभाभींनी, कपात अर्धाच चहा दिला होता, पुरा भरला की सांडायचा म्हणून. रूपेशनं सांगायला सुरुवात केली तशी मुनाफभाईंनी मध्येच तोडलं.

"एक शब्द बोलायचा नाही तिथे. समजलास?"

"पण तुमचे सगळे पैसे बँकेच्या घशात जातील."

"जाऊ देत. बँकेचं पोट एवढं मोठं आहे, माझ्यानं ते फुगणार नाही." ते हसले आणि मग हसू मावळलं. "हे बघ, माझं व्हायचं ते झालं. मुलगी शाळेत शिकवतेय, घर चालतंय. तुझं नीट चाललंय ते माझ्यापायी बिघडवलंस तर मी तोंड बघणार नाही तुझं."

नफीसाभाभी दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात औषधाची पट्टी होती आणि त्या एका गोळीचे कात्रीनं दोन तुकडे करत होत्या. अर्धी त्यांनी मुनाफभाईंच्या हातावर ठेवली, अर्धी परत कागदात गुंडाळली.

रूपेशला तिथे बसवेना. परतीच्या बोटीत तो कठड्याला धरून उभा राहिला आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या. प्रणालीचं सोनं डोळ्यासमोरून हलत नव्हतं. ती अर्धी गोळीही हलत नव्हती. बोट धक्क्याला लागली तेव्हा त्यानं घरचा रस्ता न धरता लोट्याकडे जाणारी एसटी पकडली. घरी गेलो तर पाय निघायचा नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"नववा हात मुनाफ परकारांचा आहे," त्यानं ऋचा सबनीसना सांगितलं. आणि शिमग्यापासून रमझानपर्यंत सगळं ओकून टाकलं.

त्यांनी सगळं टिपून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "तुमच्या दाव्याचं काय होईल ते माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"नुसतं तुमच्या सांगण्यावर मी काही करू शकत नाही. पण तपासता येईल." त्यांनी दोन्ही शिक्क्यांचे जोड क्रमानं मांडले. जोड केव्हा झाले ते पाइप पुरवणाऱ्याकडच्या पोचपावत्यांवरून कळत होतं. एकशेबारा नंबरच्या शिक्क्याखाली वर्षातून एक महिना रूपेशचा हात उमटत होता, आणि तो महिना दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकत होता. इस्लामी महिने चंद्रावर चालतात, ते असेच सरकतात. ऋचाबाईंनी खुर्ची मागे ढकलली. "वाळूखाली गाडलेल्या पाइपात असा पुरावा कुणी आधीच पेरून ठेवू शकत नाही. हे टिकेल."

"मग मुनाफभाईंना मिळेल?"

"मिळायला हवं. तुमचं मात्र मला यादीत टाकावंच लागेल. मला आवडत नाहीये हे करायला."

घरी प्रणाली एवढंच म्हणाली, "विचारलंत तरी होतं मला?" आणि त्यानंतर तिनं बोलणं टाकलं. ताट वाढायची, पाणी ठेवायची, बोलायची नाही. रूपेशनं तिची समजूत काढायचा प्रयत्न केला नाही. कुठल्या तोंडानं काढणार?

निकाल घेऊन ऋचा सबनीस स्वतःच आल्या, कारण मुनाफभाईंना लोट्यापर्यंत नेणं आता जड झालं होतं. पडवीत खुर्च्या मांडल्या. रूपेशची सही लागणार होती म्हणून त्याला बोलावलं होतं, आणि कुणास ठाऊक का, निघताना प्रणालीही पायांत चप्पल सरकवून बरोबर आली. मुनाफभाईंनी रूपेशकडे पाहिलंही नाही. बोलल्याप्रमाणे ते तोंड बघत नव्हते.

"परकार, तुमचा दावा मंजूर झालाय. पगार, ग्रॅच्युइटी आणि कामानं जडलेला आजार म्हणून उपचाराचा खर्चही," ऋचाबाई म्हणाल्या. नफीसाभाभींनी पदर तोंडाला लावला. "पण भुवड, तुम्हाला एक सांगायला हवं. नवव्या हाताला नाव मिळाल्यावर मशीननं सगळी पाइपलाइन परत वाचली, आणि या वेळी नुसता वरचा नाही, आतले थरही वाचले. तुमचे अगदी सुरुवातीचे, पहिल्या चार महिन्यांचे जोड आहेत ना..."

"मॅडम, ते राहू द्या," मुनाफभाई घाईनं म्हणाले.

"नाही राहू देता येत. अहवालात आलंय." त्या रूपेशकडे वळल्या. "त्यातले निम्म्याहून जास्त तुमचे नाहीत. म्हणजे केले होतेत तुम्हीच, वरचा थर तुमचाच आहे. पण कुणीतरी ते आतल्या बाजूनं ग्राइंडरनं कापले आणि पहिल्या थरापासून पुन्हा भरले. शिक्का तुमचाच ठेवला. हात परकारांचा आहे."

रूपेशला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळायला लागलं. बहरमारचा कायदा होता : एक्स-रेत तीन जोड नापास झाले की घरचं तिकीट. बरोबर गेलेली कितीतरी पोरं तशी परत आली होती. रूपेशचा एकही जोड कधी नापास झाला नव्हता. त्याच बळावर त्याला बढती मिळाली होती, आणि लग्न ठरवताना प्रणालीच्या वडिलांना त्यानं तेच छाती फुगवून सांगितलं होतं.

"तुम्ही कधी केलंत हे?" त्यानं विचारलं.

"तू जेवायला जायचास तेव्हा," मुनाफभाई जमिनीकडे बघत म्हणाले. "एक्स-रेवाले यायच्या आधी. फार कच्चे मारायचास रे तू. मेणबत्ती गळल्यासारखे."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुझा हात भ्यायला असता. भ्यालेला हात शिकत नाही. चार महिन्यांनी आपोआप सुधारलास, मग सोडलं." आणि मग ते एकदम उसळले. "या मशीनला कुणी विचारलं होतं? मेलं चुगलखोर!"

रूपेश उठून पडवीच्या कडेला गेला. पाइपाच्या आतून भरायचं म्हणजे दुप्पट धूर. जेवणाच्या सुट्टीत, तोही पंखा बंद असताना. त्यातला किती धूर आपल्या वाट्याचा होता, याचा हिशेब कुठलंच मशीन देणार नव्हतं. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

कितीतरी दिवसांत प्रणाली पहिल्यांदा बोलली. "म्हणजे माझ्या बाबांनी ज्या कामावर खूश होऊन हो म्हटलं, ते काम भाईंचं होतं?"

"तेवढं एक सोडून बाकी मुलगा चांगला आहे," मुनाफभाई म्हणाले, आणि नफीसाभाभी डोळे पुसता पुसता हसल्या.

"हे जोडही आता परकारांकडे जातील," ऋचाबाई म्हणाल्या. "भुवड, हरकत घ्यायचा तुम्हाला हक्क आहे."

"हरकत नाही," रूपेश म्हणाला आणि सही केली.

"ऐक," मुनाफभाई आता सरळ त्याच्याकडे बघत म्हणाले. "पैसे हातात पडले की आधी पतसंस्थेत जायचं. सोनं सोडवायचं. मला माहीत आहे सगळं, प्रणाली नफीसाजवळ बोलली होती. तुझ्या रमझानच्या दुपारींचं देणं आहेच माझ्याकडे."

"नाही भाई, ते मी घेणार नाही."

"ते नाही म्हणतील," प्रणाली म्हणाली. "मी नाही म्हणणार नाही. मला माझं सोनं पाहिजे."

"झालं तर मग! हिला कळतं," मुनाफभाई म्हणाले.

राहिला होता मुनाफभाईंचा अंगठा. ऋचाबाईंनी टॅब्लेट त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवला. अंगठा काचेवर क्षणभर स्थिर ठेवायचा होता, पण तो टेकतच नव्हता. टेकला की घसरायचा. दोनदा, तीनदा लाल रेघ आली. मुनाफभाईंनी तो डाव्या हातानं दाबून धरला तर तोही थरथरायला लागला. नफीसाभाभींनी तोंड फिरवलं.

रूपेश येऊन त्यांच्या बाजूला खाली बसला. आपला पंजा त्यांच्या हातावर ठेवला आणि सगळा भार देऊन खाली दाबला. थरथर त्याच्या कोपरापर्यंत चढली. त्यानं सोडलं नाही.

टॅब्लेट बाईच्या आवाजात बोलला, "दोन हात आढळले. कृपया एकच हात ठेवा."

"गप गं," मुनाफभाई म्हणाले.

रूपेशनं ऋचाबाईंकडे पाहिलं. त्यांनी पडदा आपल्याकडे ओढला, आतलं काहीतरी बदललं आणि म्हणाल्या, "राहू दे तसाच. दोन हात चालतील."